एक ग्रॅम गुणिले सहाशे कोटी

२०२४ या एका वर्षात जगाने इन्स्टंट नूडल्सची १२,३०७ कोटी पाकिटं आणि कप रिचवले. हा आकडा या धंद्यातल्या कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे ‘वर्ल्ड इन्स्टंट नूडल्स असोसिएशन’चा आहे. हजार कोटींच्या पुढे गेलं की आपली नजर ठरत नाही, म्हणून तो जरा फोडून पाहू. दिवसाला साधारण ३४ कोटी. सेकंदाला जवळपास ३,९००. पाकिटातली चौकोनी वडी ढोबळमानाने दहा सेंटिमीटर लांब धरली आणि वर्षभरातल्या सगळ्या वड्या एकापुढे एक मांडल्या, तर रांग सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास जाते. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडा पलीकडे आहे. म्हणजे जाऊन येऊन सोळा खेपा.

या रांगेत पहिला मान हाँगकाँगसह चीनचा, ४,३८० कोटी. दुसरा इंडोनेशिया, १,४६८ कोटी. तिसरे आपण, ८३२ कोटी. मात्र माणशी हिशेब केला तर आपण अगदीच लिंबूटिंबू. व्हिएतनाममध्ये आणि दक्षिण कोरियात माणूस वर्षाला ऐंशीच्या आसपास पाकिटं खातो, आपल्याकडे जेमतेम सहा. कंपन्यांना भारत एवढा का खुणावतो, ते या सहावरून कळतं.

पण या सगळ्या आकड्यांत एक गोम आहे. मोजणी पाकिटांची होते, वजनाची नव्हे. एक पाकीट म्हणजे एक ‘सर्व्हिंग’, मग ते शंभर ग्रॅमचं असो की सत्तर ग्रॅमचं. पाकीट लहान झालं आणि पोट भरायला एकाऐवजी दोन फोडावी लागली, तर कागदावर खप दुप्पट. ताटात काय पडलं हे त्या कागदाला कळत नाही. आपल्यालाही ते सहसा कळत नाही, कारण दुकानात आपणही पाकिटंच मोजतो.

हा पदार्थ जन्माला आला तेव्हा तो स्वस्त नव्हता. तैवानमध्ये जन्मलेल्या मोमोफुकु आंदो यांनी ओसाकाजवळच्या इकेदा गावात, घरामागच्या शेडमध्ये खटपट करून तो शोधला. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आलं, किंमत ३५ येन. त्या वेळी जपानी दुकानात ताज्या उदोन नूडल्सचा एक वाटा सहा येनला मिळत होता. म्हणजे आज गरिबाचं जेवण म्हणून ओळखला जाणारा पदार्थ सुरुवातीला चैनीचा होता.

तो स्वस्त झाला यंत्रामुळे. मैद्यात मीठ, पाणी आणि थोडा क्षार घालून कणीक मळली जाते, रुळांमधून तिची पातळ पट्टी निघते आणि पट्टीच्या शेवया कापल्या जातात. कापणाऱ्या रुळांपेक्षा खालचा पट्टा मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे शेवया एकमेकींवर दुमडत जातात आणि त्यांना ती ओळखीची नागमोड मिळते. मग वाफ, मग साच्यात भरून साधारण दीडशे अंश सेल्सियसच्या तेलात एक-दोन मिनिटांची डुबकी. तेलात शिरताच आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. आपण घरी उकळतं पाणी ओततो तेव्हा ते याच छिद्रांतून आत शिरतं. सगळी जादू एवढीच: शिजवण्याचं काम आधीच झालेलं असतं, आपण फक्त काढलेलं पाणी परत घालतो. त्या वडीच्या वजनात १५ ते २० टक्के तेल असतं, आणि ते बहुतेक पामतेल. मैदा आणि पामतेल या दोन्ही गोष्टी टनावारी स्वस्त मिळतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. शीतगृह लागत नाही, गाडी उन्हात उभी राहिली तरी माल नासत नाही. म्हणून हे पाकीट गडाच्या पायथ्याच्या टपरीपासून सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षावाल्यांच्या खोलीपर्यंत सारख्याच सहजतेने पोहोचतं. एक पातेलं, कपभर पाणी, थोडासा गॅस. फोडणी नको, चिरणं नको. रात्री अकरा वाजता अभ्यासाला बसलेल्या पोराला याहून जास्त काय हवं असतं?

आपल्याकडे मॅगी आली १९८३ मध्ये. आज जगात मॅगीची सर्वात मोठी बाजारपेठ भारत आहे. नेस्ले इंडियाने २०२३-२४ या आर्थिक वर्षात इथे मॅगीची ६०० कोटींहून अधिक सर्व्हिंग विकली. आता तिच्या वजनाकडे बघू. या शतकाच्या पहिल्या दशकात दहा रुपयांना शंभर ग्रॅमचं पाकीट मिळायचं. पुढे ते ९५ झालं, मग आणखी उतरत उतरत ७० ग्रॅमवर आलं. मार्च २०२२ मध्ये या सत्तर ग्रॅमची किंमत १२ रुपयांवरून १४ झाली.

इथे थोडं गणित करू, कारण सगळी मेख इथेच आहे. दहाचे चौदा म्हणजे किंमत ४० टक्के वाढली, असं आपल्याला वाटतं. पण शंभर ग्रॅमला दहा रुपये म्हणजे ग्रॅमला दहा पैसे, आणि सत्तर ग्रॅमला चौदा रुपये म्हणजे ग्रॅमला वीस पैसे. भाव दुप्पट झाला आहे. चाळीस टक्के डोळ्यांना दिसले, उरलेले साठ वजनाच्या आड राहिले.

वजन घटवण्याचं गणित नेहमी विकणाऱ्याच्या बाजूने झुकतं. शंभरातले दहा ग्रॅम काढले तर घट दहा टक्के दिसते, पण दर ११ टक्क्यांनी वाढतो. तीस काढले तर दर ४३ टक्क्यांनी वाढतो. निम्मं काढलं तर घट पन्नास टक्के, वाढ मात्र शंभर टक्के. २०२२ मध्ये हल्दीरामच्या दहा रुपयांच्या आलू भुजियाचं वजन ५५ ग्रॅमवरून ४२ वर आलं. तेरा ग्रॅम म्हणजे मूठभरही नाही, पण दर ३१ टक्के चढला. त्याच सुमारास दहा रुपयांची विम वडी १५५ ग्रॅमवरून १३५ वर उतरली.

डोळ्यांना हे दिसत नाही, त्यामागे भूमिती आहे. वडीची लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी अकरा टक्के कमी केली, म्हणजे दहा सेंटिमीटरची बाजू नऊच्या किंचित खाली आणली, तर आतला माल थेट तीस टक्क्यांनी घटतो. एक सेंटिमीटरचा फरक हातात घेऊनही जाणवत नाही, आणि जुनं पाकीट शेजारी ठेवून कोण बघतो? चकचकीत वेष्टन बाहेरून पूर्वीइतकंच ऐसपैस राहू शकतं.

आता शीर्षकातल्या गुणाकाराकडे येऊ. समजा प्रत्येक सर्व्हिंगमधून फक्त एक ग्रॅम काढला. चिमूटभर म्हणा. गुणिले ६०० कोटी म्हणजे सहाशे कोटी ग्रॅम, म्हणजेच ६,००० टन. दहा टनी मालमोटारी लावल्या तर सहाशे लागतील. ग्रॅमला वीस पैसे या ग्राहकाच्या दराने हा माल १२० कोटी रुपयांचा होतो. खाणाऱ्याच्या जिभेला एक ग्रॅम कळत नाही, पण कारखान्याच्या वहीत तो सहाशे ट्रक होऊन बसतो. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं. फक्त थेंब कोणाचे आणि तळं कोणाचं, एवढंच बघायचं.

याच मापाने २०१५ सालाकडे पाहा. शिसं आणि एमएसजीच्या वादात ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी बाजारातून मागे घ्यायला लावली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून नव्याने तपासण्या करायला सांगितलं आणि नोव्हेंबरात मॅगी परत आली. दरम्यान २७ हजार टनांहून अधिक माल परत गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये जाळण्यात आला. देशभर चर्चा झाली, अग्रलेख लिहिले गेले, विनोद फिरले. आता हे २७ हजार टन ६०० कोटींनी भागा. उत्तर येतं साडेचार ग्रॅम. प्रत्येक सर्व्हिंगमधून साडेचार ग्रॅम कमी केले, तर त्या ऐतिहासिक होळीइतकाच माल एका वर्षात ताटांतून नाहीसा होतो. धूर नाही, कोर्ट नाही, बातमी नाही.

मग कंपन्या सरळ किंमत का वाढवत नाहीत? कारण किराणा दुकानात पाच आणि दहा या नुसत्या किमती नाहीत, ती मालाची नावं आहेत. ‘काका, एक दहावाली द्या,’ असंच पोर सांगतं. किती ग्रॅमची, हे त्यालाही माहीत नसतं आणि काकांनाही. दारात लटकणाऱ्या शाम्पू-कॉफीच्या पुड्यांच्या माळा, बरणीशेजारचे बिस्किटपुडे, सगळा कारभार नाण्यांवर चालतो. दहाची वस्तू अकराला झाली की सुट्ट्यांची कटकट सुरू होते आणि गिऱ्हाईक शेजारच्या ब्रँडकडे वळतं. शिवाय रोजंदारीवर जगणाऱ्याच्या खिशात त्या क्षणी दहाच रुपये असतात. त्याला किलोचा भाव परवडतो की नाही हा प्रश्नच येत नाही, त्याला आजचं पाकीट परवडायला हवं.

कंपन्यांची बाजूही हिशेबात धरायला हवी. २०१२ मध्ये १०० धरलेला आपला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या अखेरीस १९० च्या पुढे गेला होता. म्हणजे तेव्हाचे पाच रुपये आज जेमतेम अडीच-पावणेतीन रुपयांचं काम करतात. किंमत पाचच ठेवायची तर आतला माल निम्म्यावर येणार, हे कोणत्याही हिशेबनिसाला कळतं. त्यातच २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, आपल्याकडे उन्हाच्या तडाख्यात गहू होरपळला आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. मैदा आणि पामतेल याच दोन पायांवर उभ्या असलेल्या धंद्याचे दोन्ही पाय एकदमच लटपटले.

थायलंडने याच प्रश्नाला उलटं उत्तर दिलं. तिथे इन्स्टंट नूडल्सची किंमत सरकारच्या नियंत्रणाखाली असते. साधं पाकीट २००८ पासून सहा बाटला होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये, चौदा वर्षांनी, कंपन्यांनी आठ बाट मागितले आणि सरकारने सात दिले. ती एका बाटची वाढ राष्ट्रीय बातमी ठरली, कारण वाढ किमतीत झाली होती आणि किंमत सगळ्यांना दिसते.

आपल्याकडे ग्रॅम हीच खरी कळ आहे, याचा पुरावा सप्टेंबर २०२५ मध्ये मिळाला. २२ तारखेपासून नूडल्स आणि बिस्किटांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. बिस्किटांवर तो आधी १८ टक्के होता, म्हणून पाच रुपयांचा पुडा हिशेबाने ४ रुपये ४५ पैशांना यायला हवा. पण ५५ पैसे परत कोण देणार आणि कोणत्या नाण्यांत? अखेर अनेक कंपन्यांनी पाच आणि दहाची किंमत तशीच ठेवून आतले ग्रॅम वाढवण्याचा मार्ग धरला. महागाई आली तर वजन उतरतं, कर घटला तर वजन चढतं. पाकिटावरचा दहाचा आकडा मात्र हलत नाही.

यात बेकायदा काही नाही. छापलेल्यापेक्षा कमी भरलं तर ते मापात पाप, आणि त्यासाठी वैधमापन खात्याचे निरीक्षक आहेत. इथे माप चोख असतं, फक्त ते रोजचं माप राहत नाही. पूर्वी चहा, बिस्किटं, ब्रेड, खाद्यतेल, पीठ, साबण अशा काही वस्तू ठरलेल्या वजनांतच विकायचं बंधन होतं. २०२२ मध्ये सरकारने ते उठवलं आणि त्याऐवजी पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात, तो दर छापायला सांगितलं. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना बजावलं की वजन घटवून दर वाढवलेल्या मालाशेजारी तशी पाटी लावा. दक्षिण कोरियाने त्याच वर्षी ऑगस्टपासून वजन गुपचूप घटवणाऱ्या उत्पादकांना दंड ठेवला. आपल्याकडे आज वजन किती हे छापणं सक्तीचं आहे, काल किती होतं हे सांगणं नाही. ही सक्ती आणायला हवी. ‘पूर्वी १००, आता ७०’ एवढी एक ओळ पाकिटाच्या दर्शनी बाजूला तीन महिने छापायला कोणत्याही कंपनीचं दिवाळं निघणार नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. पाकीट उलटं करा. मोठ्या अक्षरांतल्या किमतीजवळच बारीक अक्षरांत ग्रॅमचा दर असतो. सत्तर ग्रॅमला चौदा रुपये असतील तर तिथे २० पैसे दिसतील. त्याला हजाराने गुणा: दोनशे रुपये किलो. मग त्याच दुकानातल्या गव्हाच्या पिठाचा किलोचा भाव विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. तरीही नूडल्स खावेसे वाटले तर खुशाल खा. पावसात गडाच्या पायथ्याशी त्यांना तोड नाही. फक्त ते स्वस्त आहेत म्हणून खाऊ नका, कारण स्वस्त आहे ते पाकीट, नूडल्स नव्हेत.