दोन वर्षे कुठून मोजायची?

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका नवविवाहित तरुणाने मला गाठले. "काका, मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला काय विचारतात हो?" सगळ्यांना धास्ती असते ती मुलाखतीचीच. वास्तविक नागरिकाच्या पत्नीला वार्षिक कोटा नाही. आय-१३० अर्ज मंजूर झाला, कागदपत्रे आणि वैद्यकीय तपासणी आटोपली, की ओळख कशी झाली, घरी कोण कोण असते, एवढेच प्रश्न उरतात. लग्नपत्रिका आणि आल्बम यांवर मात्र विसंबू नये. विवाहनोंदणीचा दाखला हवाच.

खरी गोम पुढे आहे. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण नसतील तर ग्रीनकार्ड सशर्त, म्हणजे दोनच वर्षांचे मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरावा लागतो. तो राहून गेला तर कायम वास्तव्याचा हक्कच धोक्यात येतो.

ही मोजणी मुलाखतीच्या नव्हे, प्रवेशाच्या तारखेला होते. आमच्या हिच्या व्हिसावर सीआर-१ होते आणि तिकीट लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाआधी चारच दिवसांचे! व्हिसाची मुदत शिल्लक आहे हे पाहून आम्ही ते आठवडाभर पुढे ढकलले. (सासूबाई खूष.) विमानतळावर अधिकाऱ्याच्या आपणहून लक्षात येईलच असे नाही, म्हणून हिने विवाहाचा दाखला पुढे करून विनंती केली. त्याने सीआर खोडून आयआर लिहिले, आणि कार्ड आले दहा वर्षांचे.

त्या तरुणाच्या लग्नाला तेवीस महिने झाले आहेत. तिकीट अजून काढलेले नाही.