टूथपेस्ट चांगली की नुसती जाहिरात? मोबाईलवर असं तपासा

साताऱ्याच्या राजपथावर घ्या नाहीतर सांगलीच्या गणपती पेठेत, टूथपेस्टचे दहा-बारा प्रकार समोर येतात. कुठली घ्यायची?

सगळ्यात आधी एक गैरसमज. ट्यूबच्या टोकाला हिरवी, लाल, काळी पट्टी असते. 'हिरवी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे केमिकल' हा मेसेज आमच्या सातारा-सांगलीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तो साफ खोटा आहे. ती खूण पॅकिंग मशीनच्या सेन्सरसाठी असते. ट्यूब कुठे कापायची, कुठे सील करायची, हे मशीनला त्यावरून कळतं.

खरी माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. कॅमेरा झूम करा आणि हे बघा:

१. फ्लोराईड: कीड रोखण्यासाठी हा मुख्य घटक. भारतात मर्यादा १००० पीपीएम आहे आणि फ्लोराईड असेल तर त्याचा आकडा छापणं बंधनकारक आहे. फक्त टक्केवारी दिसली तर कॅल्क्युलेटर उघडा. सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट असेल तर टक्केवारी गुणिले १३२०, सोडियम फ्लोराईड असेल तर गुणिले ४५२०. म्हणजे ०.७६ × १३२० = सुमारे १०००. झालं!

२. पोटॅशियम नायट्रेट: दात शिवशिवत असतील तर हे शोधा, साधारण ५ टक्के. दोन दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे लागतात.

३. लवंग, कडुनिंब, मीठ: चव आणि ताजेपणा मिळतो, पण फ्लोराईडची जागा ते घेत नाहीत.

४. एक्स्पायरी डेट: ऑफरमधल्या ट्यूबवर तर आधी हीच बघा.

घरात लहान मूल असेल तर जपून. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढीच पेस्ट द्या. मुलं ती गिळतात, आणि जास्त फ्लोराईड पोटात गेलं तर पुढे येणाऱ्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात.

आणि आजीची मशेरी? ती भाजलेली तंबाखूच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरीच भाजली जाते. त्यातून तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. आजीला हे प्रेमाने समजवा.

पुढच्या वेळी पट्टीचा मेसेज आला की फॉरवर्ड करू नका. त्याऐवजी घरातल्या ट्यूबचा मागच्या बाजूचा फोटो टाका आणि विचारा, 'तुमच्या पेस्टमध्ये पीपीएम किती?'