‘वरदकर’ नव्हे, वराडकर

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मराठीत कुणी त्यांना ‘वरदकर’ लिहिलं, कुणी ‘वराडकर’. ‘वरदकर’ वाचलं की वरदहस्त, वरदविनायक आठवतात आणि आडनावाचा अर्थ ‘वर देणारा’ असावा, असं वाटून जातं. पण वराशी त्याचा काही संबंध नाही. मालवण तालुक्यात वराड नावाचं गाव आहे, तिथले ते वराडकर. घोळ होतो तो रोमन लिपीमुळे. तिथे ‘अ’ आणि ‘आ’ला एकच अक्षर, ‘द’ आणि ‘ड’लाही एकच. तिथून नाव परत देवनागरीत आणताना ‘रा’चा काना गळतो आणि ‘ड’चा ‘द’ होतो.

काहींना विदर्भातलं वऱ्हाड आठवतं. तेही नव्हे.

वराडकर म्हणजे सगळे एकमेकांचे भाऊबंद, हा समजही पक्का आहे. मालवणी मुलखात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न असतो, “तुमी खंयचे?” ‘-कर’ लागलेलं आडनाव म्हणजे त्या प्रश्नाचं तयार उत्तर. ते गाव सांगतं, कूळ सांगत नाही. म्हणून एकाच गावची, पण वेगवेगळ्या जातींची घराणी एकच आडनाव लावताना दिसतात.

गावाचं नाव आडनावात जसंच्या तसं उतरतं, असंही नाही. चिंदरचे चिंदरकर सरळ आहेत. पण आचऱ्याचे आचरेकर, बांद्याचे बांदेकर आणि कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीचे तेंडुलकर. रमाकांत आचरेकर सर आणि त्यांचा शिष्य सचिन, या गुरुशिष्यांच्या आडनावांत सिंधुदुर्गातली दोन गावं आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

राहिला हे आडनाव दुर्मीळ असल्याचा समज. आयर्लंडमध्ये हे आडनाव विरळ आहे, कारण लिओंचे वडील, मुंबईत जन्मलेले डॉ. अशोक वराडकर, १९६० च्या दशकात ब्रिटनला गेले आणि पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. आपल्याकडे ते ओळखीचंच आहे. दापोलीचं महाविद्यालयसुद्धा वराडकर-बेलोसे या नावानेच ओळखलं जातं.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस लिओ कुटुंबासह वराडला येऊन गेले. त्यांचं नाव लिहिताना तेवढा काना आणि ‘ड’ जपा. त्यांच्या वाडवडिलांचं गाव त्यातच आहे.