तुरीची आयात-निर्यात व रिसोडचा उत्पादक

रिसोड तालुक्यात सोयाबीनमधील आंतरपीक म्हणून तूर घेतली जाते. तथापि तिचा भाव केवळ स्थानिक आवकेवर ठरत नाही. जून 2006 मध्ये कडधान्यांच्या निर्यातीवर बंदी आली. आयात मात्र खुली राहिली. 2016-17 मध्ये विक्रमी पीक आले आणि महाराष्ट्रातील बाजारांत भाव क्विंटलमागे 5,050 रुपयांच्या आधारभूत किमतीखाली घसरले. त्यानंतर मार्च 2017 मध्ये आयातीवर 10 टक्के शुल्क, ऑगस्टमध्ये परिमाणाची मर्यादा व सप्टेंबरमध्ये निर्यातीस मुभा, असे उपाय योजण्यात आले. परंतु तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत. गरजू शेतकऱ्याचा माल तोवर विकला गेलेला असतो. आयातीची मर्यादा मे 2021 मध्ये उठली. ग्राहकास स्वस्त डाळ व उत्पादकास रास्त भाव यांचा मेळ पेरणीपूर्वीच घातला जावा, हे यावरून स्पष्ट होते.