शत्रू आला की मोठी होणारी गोगलगाय

अटलांटिक महासागरातलं बर्म्युडा आज जेमतेम 54 चौरस किलोमीटरचं आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला की ते जवळजवळ दहापट पसरायचं, बर्फ वितळला की पुन्हा आक्रसायचं. तिथल्या खडकांत याची नोंद आहे: वाऱ्याने साचवलेल्या चुनखडी वाळूचे थर आणि अधेमधे तांबडी माती. त्यांतच पोइसिलोझोनाइट्स नेल्सोनाय या जमिनीवरच्या गोगलगायीचे मोठाले शंख सापडतात. जिवंत नेल्सोनाय कुणी पाहिलेली नाही.

स्टीफन जे गूल्ड यांनी 1969 साली या गोगलगायींवर जाडजूड प्रबंध छापला. उत्क्रांती संथ लयीत नव्हे, तर थांबत, मग झपाट्याने होते, हा सिद्धांत त्यांनी नाइल्स एल्ड्रेज यांच्यासोबत 1972 मध्ये मांडला. त्यात एल्ड्रेज यांनी त्रिखंडी जीव (ट्रायलोबाइट) आणले, गूल्ड यांनी बर्म्युडाच्या गोगलगायी.

हे मोठे शंख फक्त हिमयुगांतल्याच थरांत का सापडतात, याचं उत्तर 2010 मध्ये स्टॉर्स ओल्सन आणि पॉल हर्टी यांनी दिलं. ओल्सन मुळात पक्ष्यांच्या जीवाश्मांचे अभ्यासक. गोगलगाय कोण खायचं, याकडे दोघांनी पाहिलं. बेट मोठं झालं की तिथे मोठे भक्षक येऊन वस्ती करायचे. एका हिमयुगात क्रौंच आणि बदक, पुढच्यात पाणकोंबडीच्या कुळातला न उडणारा मोठा पक्षी. अशा वेळी भरभर वाढून मोठी होणारी गोगलगायच तगायची. समुद्र चढला की भक्षक संपायचे आणि शंख पुन्हा लहान व्हायचे. शेवटच्या दोन्ही हिमयुगांतले थोराड शंख तर घडणीने सारखेच. त्याही आधी बेटावर कासव होतं, तेव्हाचे शंख मोठे आणि शिवाय खूप जाड. मला सगळ्यांत पटणारा पुरावा हाच: कासव शंख चिरडून खातं. ओल्सन-हर्टींचं मानलं, तर नेल्सोनाय ही वेगळी जात उरत नाही. लहान पोइसिलोझोनाइट्स बर्म्युडेन्सिस या गोगलगायीच्याच वंशाचं ते संकटकाळचं रूप ठरतं. नुसत्या शंखांवरून एवढं म्हणणं धाडसाचं आहे, हेही खरंच.

1958 मध्ये मात्र बेटावर शत्रू माणसानेच आणून सोडला. बाहेरून आलेल्या दुसऱ्या एका गोगलगायीचा उपद्रव आवरायला गोगलगायी खाणारी युग्लँडिना आणली, आणि तिने स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. या वेळी मोठं व्हायला हजारो वर्षं मिळाली नाहीत. बर्म्युडेन्सिस संपली असंच धरलं गेलं. 2014 मध्ये ती राजधानी हॅमिल्टनमधल्या एका बोळात सापडली. तिथून काही इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात नेल्या. तिथे पैदास झालेल्या हजारो गोगलगायी आता बर्म्युडात परत सोडल्या गेल्या आहेत. युग्लँडिना मुख्य बेटावर अजून आहेच.