वारंवार गर्भपात : दोष एकट्या सुनेचा नव्हे



उसाची उगवण विरळ झाली तर आपण बेणं, माती, पाणी सारं तपासतो. मग घरात दोनदा पोट पडलं, की एकट्या सुनेलाच बोल का लावायचा? पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषाने होतात. नजर लागल्याने नव्हे. दोन गर्भपात झाल्यास पती-पत्नी दोघांनीही स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. थायरॉईड, रक्तातली साखर, रक्तात गाठी होण्याचा दोष व गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी. कारण सापडल्यास बहुधा उपचार करता येतात. न सापडल्यासही पुढे अनेकींना मूल होते. तंबाखू, मिश्री सोडावी. आणि तिचं दुःख घरधन्याने जवळ बसून ऐकावं, एवढी आमची कळकळीची विनंती.