रीमर : भोक नेमकं करणारं हत्यार

  १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. ते कुणालाच मिळालं नाही. त्यातली एक अट होती, की चरखा निदान वीस वर्षं टिकावा. इतकी वर्षं चालणाऱ्या यंत्रात आस ज्या भोकात फिरतो, ते भोक नेमकं हवं. सैल असेल तर आस खडखडतो, घट्ट असेल तर अडतो.

ड्रिलने पाडलेलं भोक तसं नेमकं नसतं. ते किंचित मोठं होतं, पुरतं गोल नसतं आणि आत चरे राहतात. म्हणून २० मिलिमीटरचं भोक हवं असेल तर आधी थोडं लहान पाडतात आणि मग रीमर मारतात. रीमर मिलिमीटरचा दोन-तीन दशांश भागच खरवडतो. चांगल्या कामात २० मिलिमीटरच्या भोकाला फक्त ०.०२१ मिलिमीटरची सूट असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. वाकडं पडलेलं भोक मात्र तो सरळ करत नाही. आहे त्याच वाटेने जातो.

खरी गंमत त्याच्या दातांत आहे. दात बहुधा सहा किंवा आठ असतात, पण त्यांच्यातलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं. अंतर सारखं असतं तर थरथर दर फेरीला त्याच जागी बसली असती आणि भोक गोल न होता कोनाकोनांचं झालं असतं. इथे बेशिस्तीतून गोलाई येते! शिवाय रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की कीस धारेमागे अडकतो आणि धार तुटते. फिटरच्या शिकाऊ मुलाला हे आधी बजावतात.

ट्रकचं पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा नवा बुश ठोकून बसवल्यावर गॅरेजात रीमर मारतात. निमुळत्या पिनेसाठी दर ५० मिलिमीटरला एक मिलिमीटर उतार असलेला रीमर लागतो. नळ कापल्यावर आतली कड साफ करायलाही रीमरच, पण वेगळा.

स्वयंपाकघरातला रीमर म्हणजे रस काढायचा खाचांचा शंकू. याला धार नसते. मोसंबी किंवा लिंबू आडवं कापतात, कारण तसं कापलं की सगळ्या फोडी एकदम उघड्या पडतात. मग शंकूवर दाबून फिरवायचं, खाचांतून रस खाली उतरतो.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी-कारंजाच्या संत्र्याला मात्र हा शंकू मानवत नाही. त्याची साल सैल असते. दाबलं की साल एकीकडे, फोडी दुसरीकडे. जोर लावलाच तर बिया आणि पांढरा गाभाही चेचला जातो. त्यांतल्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे सुरुवातीला गोड लागलेला रस काही तासांत कडवट होतो.